शंभर अंश, पण किती वॅटला?

ताई,
मी नागपूरला आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी बाबांनी गेमिंग लॅपटॉप घेऊन दिला होता. प्रोसेसर आय7-12700एच, ग्राफिक्स आरटीएक्स 3060. दिवसा रेंडर, रात्री व्हॅलोरंट. वॉरंटी संपली आहे. आवाज फार करायला लागला म्हणून गेल्या रविवारी व्हिडिओ बघून मीच उघडला. ब्लोअरने धूळ उडवली, चिपची उष्णता ओढून घेणारा तांब्याचा हीटसिंक काढून जुनी पेस्ट सॅनिटायझरने पुसली, मधोमध वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावली. ग्राफिक्सच्या बाजूची एक निळी मऊ पट्टी फाटली, तिथे किटमधली 1.5 मिलिमीटरची लावली. आधी बराच वेळ खेळल्यावर 88 अंश व्हायचं. आता गेम उघडताक्षणी 100 आणि सगळं अडखळायला लागतं. पंखे जोरात फिरतात, पण मागून हवा कोमटच येते. तापमान आणि वॅट दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरचे फोटो जोडले आहेत. दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला. बाबा म्हणतात, चांगला चालत होता, उघडायची काय गरज होती? सबमिशन तोंडावर आहे. कूलिंग पॅड घेऊ का? आणि हो, एक स्क्रू उरला आहे.
– एक वाचक, नागपूर

मदरबोर्ड गेलेला नाही. लॅपटॉप अजून त्या दुकानात असेल तर आजच घरी घेऊन ये.

एवढ्या ठामपणे सांगतेय, कारण उत्तर तुझ्याच फोटोत आहे. तुझं सगळं लक्ष लाल अक्षरांतल्या 100 वर गेलं आणि त्याच्याच खालची ओळ राहून गेली. तिथे लिहिलंय, सीपीयू पॅकेज पॉवर, म्हणजे प्रोसेसर खात असलेली वीज, 38 वॅट. या प्रोसेसरची बेस पॉवर इंटेलने 45 वॅट ठरवली आहे आणि टर्बोमध्ये, म्हणजे तो जादा वेगाने पळतो तेव्हा, कमाल 115 वॅट. म्हणजे तुझा प्रोसेसर त्याच्या नेहमीच्या कामाइतकीही वीज खात नाहीये आणि तरी शंभरावर पोचलाय. धडधाकट गेमिंग लॅपटॉपमध्ये, उन्हाळ्यातल्या खोलीत, 38 वॅटला हाच प्रोसेसर सत्तरच्या आसपास असायला हवा.

100 या आकड्याचा एक घोटाळा आहे. या प्रोसेसरची तापमानाची मर्यादाच 100 अंश आहे. तिथे पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो, म्हणजे वीज कमी खातो आणि तापमान तिथेच अडवून धरतो. गेम अडखळतो तो म्हणूनच. त्यामुळे थोडं बिघडलेल्या लॅपटॉपवरही 100 दिसतं आणि पार बिघडलेल्यावरही 100च दिसतं. एकाला ते 90 वॅटला दिसेल, दुसऱ्याला 38 वॅटला. या दोघांच्या दुखण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो कळतो फक्त वॅटवरून. आणि बोर्ड खरोखर गेला असता तर तुला असा नीट चालणारा, मर्यादा पाळणारा, दोन्ही पंखे पूर्ण वेगाने पळवणारा लॅपटॉप दिसलाच नसता. तो चालूच झाला नसता, किंवा मध्येच धाडकन बंद पडला असता. तुझ्या मशीनची सगळी यंत्रणा शुद्धीवर आहे. तिला उष्णता बाहेर काढायला वाट मिळत नाहीये, इतकंच.

वाट कुठे अडली आहे हेसुद्धा तू नकळत लिहून गेली आहेस. ‘गेम उघडताक्षणी’ आणि ‘हवा कोमट’. दुरुस्ती करणाऱ्याला याहून जास्त काय हवं!

उष्णतेचा रस्ता दोन टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा चिपपासून तांब्याच्या पट्टीपर्यंत. हा मिलिमीटरभरही नसतो आणि मध्ये फक्त पेस्ट असते. दुसरा टप्पा तांब्याच्या नळ्यांमधून मागच्या जाळीपर्यंत आणि तिथून पंख्याच्या हवेने बाहेर. दुसऱ्या टप्प्यात अडचण असेल, म्हणजे जाळी चोंदली असेल किंवा पंखा दमला असेल, तर तापमान चढायला वेळ लागतो. तांब्याचा एवढा ऐवज आधी तापायला हवा ना. पाच-दहा मिनिटांत हळूहळू 80, 85, 90 असं चढतं. तुझं सफाईच्या आधीचं ‘बराच वेळ खेळल्यावर 88’ हे त्या जातीचं होतं. आता ते क्षणात चढतं, म्हणजे तांब्याला तापायची संधीच मिळत नाहीये. चिपची उष्णता चिपमध्येच कोंडली जाते. आणि तांबं तापत नाही म्हणून जाळीतून जाणारी हवाही कोमटच राहते. चिप शंभरावर आणि मागची हवा हात भाजेल इतकी गरम असती, तर मी पहिल्या टप्प्याला हात लावू दिला नसता.

एक खबरदारी मात्र घे, नाहीतर नंतर विनाकारण घाबरशील. अगदी नवा लॅपटॉपसुद्धा मोठं काम सुरू केल्यावर पहिल्या काही सेकंदांत 90-95 वर उडी मारतो, कारण टर्बोमध्ये तो थोडा वेळ 90-100 वॅट ओढून घेतो. मग वीज कमी होते आणि तापमान खाली येतं. म्हणून घड्याळ, वॅट आणि तापमान ही तीनही सोबत वाचायची. त्यातलं एकच उचललंस तर ते हमखास फसवतं.

आता हा पहिला टप्पा इतका नाजूक का, ते बघ. कपड्याची साधी 1000 वॅटची इस्त्री घे. तिचा तवा दीड-दोनशे चौरस सेंटीमीटरचा असतो, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला पाच-सात वॅट. तुझ्या प्रोसेसरचा उघडा चकचकीत तुकडा, त्याला डाय म्हणतात, तो जेमतेम दोन चौरस सेंटीमीटरचा. त्यातून 45 वॅट निघाले तरी दर चौरस सेंटीमीटरला वीसच्या वर. इस्त्रीच्या तिप्पट-चौपट आच, आणि ती सतत उचलून न्यायची. तांबं हे काम मजेत करतं, त्याची उष्णतावाहकता सुमारे 400 आहे. पेस्टची साधारण 5 ते 10. आणि हवेची 0.026 च्या आसपास. (एकक वॅट प्रति मीटर केल्विन.) म्हणजे पेस्ट तांब्यापुढे फारच मंद, पण हवेपुढे कित्येक शेपट वेगवान. म्हणून पेस्ट पातळ हवी आणि सगळीकडे हवी. जिथे ती पोचली नाही तिथे हवा राहते आणि तेवढा भाग जवळजवळ बंद दारामागे अडकतो.

तुझ्या बाबतीत माझा पहिला संशय पेस्टवर नाही, त्या 1.5 मिलिमीटरच्या पट्टीवर आहे.

ग्राफिक्सचा फोटो बघ. जीपीयू, म्हणजे ग्राफिक्सची चिप, 74 अंश आणि हॉट स्पॉट 101. हॉट स्पॉट म्हणजे त्याच चिपवरचा सर्वांत तापलेला बिंदू. या दोन आकड्यांत दहा-पंधरा अंशांचं अंतर असणं नेहमीचं आहे. 27 अंशांचं अंतर म्हणजे चिपचा एक कोपरा तांब्याला नीट टेकलाय आणि दुसरा टेकलेला नाही. प्रोसेसरच्या बाजूलाही तीच गोष्ट. तुझ्या प्रोसेसरला सहा मोठे कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, आणि आठ लहान. लहान कोअर मुळातच थंड असतात, ते सोडून दे. पण सहा मोठ्यांतच एक 100 आणि एक 83 आहे. हीटसिंक तिरका बसलाय.

तो तिरका बसण्याचं कारण असं. तुझ्यासारख्या बहुतेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स यांच्यावर मिळून तांब्याचा एकच सांगाडा असतो. नळ्या सामायिक, पट्ट्या एकमेकींना जोडलेल्या. ग्राफिक्सच्या चिपभोवती मेमरीचे काळे चौकोनी तुकडे असतात आणि त्यांच्यावर त्या मऊ पट्ट्या, म्हणजे थर्मल पॅड. मेमरीचे तुकडे चिपपेक्षा बुटके असतात, म्हणून मधली फट भरायला पॅड. पण ती फट कंपनीने मोजून ठेवलेली असते. तिथे मूळ पॅड 1 मिलिमीटरचा असेल आणि तू 1.5 चा घातलास, तर सांगाड्याची ती बाजू उचलली जाते. अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण चिप आणि तांब्याच्या मधली पेस्ट जिथे कागदापेक्षाही पातळ असायला हवी तिथे ही फट प्रचंड आहे. किटमधले पॅड बहुधा कडकही असतात. मूळचे लोण्यासारखे दबतात, हे दबत नाहीत. त्यामुळे जाडी बरोबर निघाली तरी कडकपणामुळे हाच प्रकार होऊ शकतो.

म्हणून तो पॅड काढ. शेजारचे शाबूत पॅड आहेत ना, त्यांना हात लावू नकोस. ते बदलायची हौस पुष्कळांना असते आणि मग एका जागचं दुखणं सहा जागी होतं. शेजारच्याची जाडी मोजून घ्यायची असेल तर व्हर्निअर कॅलिपर वापर, कॉलेजच्या लॅबमध्ये मिळेल. पण लक्षात ठेव, तो दबलेला आहे. आज 0.8 भरला तर मूळचा 1 चा असण्याची शक्यता जास्त. अंदाज बांधत बसायचं नसेल तर थर्मल पुटी माग. भिजवलेल्या कणकेसारखी असते, फटीला हवी तेवढीच दबते आणि हीटसिंकला उचलत नाही. तुझ्यासारख्या एक पट्टी फाटलेल्या माणसाला पुटी हाच शहाणपणाचा पर्याय आहे, असं माझं मत.

आता वाटाण्याकडे येऊ. तो सल्ला खोटा नाही, पण तो डेस्कटॉपसाठीचा आहे. डेस्कटॉपच्या प्रोसेसरवर धातूचं झाकण असतं. ते झाकणच उष्णता आडवी पसरवतं, त्यामुळे कोपरे पेस्टविना राहिले तरी चालून जातं. लॅपटॉपमध्ये झाकण नाही. उघडी डाय आणि थेट तांबं. शिवाय या पिढीच्या प्रोसेसरची डाय लांबट आयताकृती आहे, मधोमध ठेवलेला वाटाणा गोल पसरतो आणि लांबच्या टोकांना पोचेलच असं नाही. तिथे कोअर बसलेले असले तर ते कोअर उपाशी. म्हणून उघड्या डायवर पेस्ट हाताने पसरायची. प्लॅस्टिकच्या छोट्या पट्टीने, चारही कडांपर्यंत, खालचा रंग दिसणार नाही इतपत, पण साखरेच्या पाकासारखी थापायची नाही. थोडी जास्त झाली तर दाबाने बाजूला निघून जाते. नेहमीची पेस्ट वीज वाहत नाही, त्यामुळे बाजूला आलेल्या थेंबाची काळजी नको.

सॅनिटायझर मात्र नको होतं गं. हाताच्या सॅनिटायझरमध्ये अल्कोहोलसोबत ग्लिसरीन आणि पाणी असतं. अल्कोहोल उडून जातं आणि ग्लिसरीनचा चिकट थर चिपवर राहतो. या वेळी आयसोप्रोपिल अल्कोहोल आण, 99 टक्क्यांचं. सीताबर्डीवरच्या कॉम्प्युटरच्या दुकानांत आयपीए म्हणून मागितलंस की मिळेल. नेलपॉलिश रिमूव्हरचा विचार मनात आला असेल तर तो तिथेच सोड, त्यातलं अॅसिटोन प्लॅस्टिक खातं. पुसायला चष्म्याचं कापड चांगलं, कापसाचे धागे चिकटून राहतात.

पेस्ट कुठली घ्यायची, हेही तू विचारशीलच. फार पातळ, वाहती पेस्ट उघड्या डायवर टिकत नाही. चिप तापते आणि निवते, तापते आणि निवते, त्या हालचालीत पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते आणि काही महिन्यांत तापमान पुन्हा चढतं. घट्ट पेस्ट घे. अजून एक पर्याय म्हणजे हनीवेलचा पीटीएम7950. हा कागदासारखा पातळ पत्रा असतो, साधारण 45 अंशांना मऊ होऊन चिपच्या सगळ्या बारीक खाचा भरतो आणि जागचा हलत नाही. लॅपटॉपसाठी मला स्वतःला तो पेस्टपेक्षा जास्त आवडतो. फक्त त्याच्या नावाने नकली माल पुष्कळ विकला जातो, खात्रीच्या दुकानातूनच घ्यावा. पहिल्या दिवशी तो पूर्ण रंगात येत नाही, काही वेळा तापून निवला की आकडे सुधारतात. लिक्विड मेटलच्या नादाला मात्र तू लागू नकोस. ते वीज वाहतं, एक थेंब बोर्डवर पडला तर दुकानदाराचं भाकीत खरं ठरेल, आणि अॅल्युमिनियमला तर ते पोखरूनच टाकतं.

आता उघडताना. आधी दहा मिनिटं लॅपटॉप चालवून कोमट कर, पेस्ट मऊ होते. मग बंद करून, चार्जर काढून, खालचं झाकण उघडलंस की सर्वांत आधी बॅटरीची पिन काढ आणि पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धर. हीटसिंकला सरळ वर खेचायचं नाही, आणि नळ्यांना धरून तर अजिबात नाही. त्या नळ्या भरीव नसतात. आत निर्वात पोकळी, भिंतीला तांब्याच्या भुकटीचा अस्तर आणि थोडंसं पाणी असतं. तापलेल्या टोकाला त्याची वाफ होते, ती थंड टोकाला जाऊन पुन्हा पाणी होते आणि अस्तरातून परत येते. नळी मुडपली की हे चक्र अडतं, आणि मग कितीही महाग पेस्ट लावलीस तरी उपयोग नाही. म्हणून पट्टीला धरून हलकेच डावी-उजवीकडे हलवायचं, सुटतं आपोआप.

सुटल्याबरोबर पुसायची घाई करू नकोस. आधी ठसा बघ आणि फोटो काढून ठेव. चिपवर पेस्ट एका बाजूला पातळ आणि दुसऱ्या बाजूला जाड गोळ्यासारखी दिसली, तर मी वर जे लिहिलं त्याची तुझ्या डोळ्यांनी खात्री होईल. नवीन पेस्ट लावल्यावरही एकदा नुसतं बसवून, स्क्रू आवळून, परत उघडून ठसा बघ. थोडी पेस्ट वाया जाईल, जाऊ दे. चारही कोपऱ्यांपर्यंत सारखी, मध्ये जवळजवळ आरपार दिसेल इतकी पातळ, असा ठसा आला की पुसून शेवटची पेस्ट लावायची. पीटीएम वापरणार असशील तरी ही तालीम स्वस्तातल्या साध्या पेस्टने कर, नाहीतर तेवढा महाग पत्रा फुकट जाईल. दुकानात ही ठशाची पायरी बहुतेक कोणी करत नाही. म्हणून तर ‘पेस्ट बदलली तरी फरक नाही, आता बोर्ड बदला’ असं ऐकायला मिळतं.

स्क्रूंच्या शेजारी सांगाड्यावर 1, 2, 3, 4 असे आकडे कोरलेले असतील. ते शोभेचे नाहीत. त्या क्रमाने, प्रत्येकाला आधी दोन-दोन वेढे, मग पुन्हा फेरी, मग शेवटचं आवळणं. एक पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेलीस की पट्टी पहिल्याच स्क्रूपाशी झुकते आणि पेस्ट दुसरीकडे पळते. आकडे नसतील तर समोरासमोरच्या कोपऱ्यांनी जा. स्क्रू थांबतो तिथे थांब, त्यापुढे जोर लावायचा नसतो. दाब स्प्रिंग देते, तुझं मनगट नाही.

ब्लोअरबद्दल दोनच गोष्टी. एक, पंखा बोटाने धरल्याशिवाय त्यावर हवा मारायची नाही, भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. तुझे पंखे नीट फिरतायत म्हणतेस, तर घरघर येत नाही ना एवढंच ऐक. दोन, बाहेरून जाळीत हवा मारली की धूळ आत ढकलली जाते. खरी धूळ जाळीच्या आतल्या बाजूला, पंख्याच्या तोंडाशी, नमद्यासारखी बसते. तुझा सुरुवातीचा आवाज आणि ते 88 अंश त्याच थरामुळे असावेत, आणि तू तो काढला नसण्याचीच शक्यता जास्त. हीटसिंक हातात येईल तेव्हा पंखा आणि जाळी यांच्या मधली काळी चिकटपट्टी सोडव, तो थर मऊ ब्रशने काढ आणि पट्टी परत नीट चिकटव. ती फाटली असेल तर हवा जाळीतून जाण्याऐवजी कडेने निसटते. सगळं बसवताना दोन्ही पंख्यांच्या पिना पूर्ण आत गेल्या का ते बघ. बॅटरी काढल्यामुळे काही लॅपटॉपमध्ये पॉवरचा मोड मूळ जागी जातो, तोही चालू केल्यावर तपास.

कूलिंग पॅड आत्ता घेऊ नकोस. तो दुसऱ्या टप्प्याला मदत करतो, तुझं दुखणं पहिल्या टप्प्यात आहे. ज्या तांब्यापर्यंत उष्णता पोचतच नाही त्याला खालून वारा घालून काय होणार? दुरुस्तीनंतरही मागच्या बाजूला दोन बाटल्यांची झाकणं ठेवून लॅपटॉप उचललास तर खालून हवा घ्यायला जागा होते, आणि पॅडच्या निम्मं काम फुकटात होतं.

सबमिशनचा प्रश्न मात्र खरा आहे. सामान येईपर्यंत काम चालवायचं असेल तर कंट्रोल पॅनलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये, अॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये, ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ 100 वरून 99 कर. एका टक्क्याने काय होतं असं वाटेल, पण त्याने टर्बोच बंद होतो. मोठे कोअर 2.3 गिगाहर्ट्झच्या आसपास चालतील, मॉडेल उघडायला वेळ लागेल, पण अडखळणं थांबेल. हा पर्याय तुझ्या विंडोजमध्ये दिसत नसेल तर लॅपटॉपचा क्वाएट मोड लाव. ग्राफिक्ससाठी एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये फ्रेमची कमाल मर्यादा 60 ठेव. रेंडर रात्री लावून दे. व्हॅलोरंट सबमिशननंतर. शंभर अंशांवर दोन-चार दिवस काम केलंस तर चिप जळणार नाही, ती स्वतःला सांभाळते. मात्र शेजारची बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते, म्हणून हे महिनोन्‌महिने चालू द्यायचं नाही.

आणि नागपूरचा उन्हाळा हिशोबात धर. खोली दहा अंशांनी तापली की चिपही जवळपास दहा अंशांनी तापते. फेब्रुवारीतल्या आकड्याशी मे महिन्यातला आकडा ताडून बघत बसलीस तर चांगल्या लॅपटॉपवरही शंका येईल. आकडा लिहिताना शेजारी खोलीचं तापमान लिही. कूलरसमोर लॅपटॉप ठेवायचा मोह होतो, ठेव, पण तुषार अंगावर येतील इतक्या जवळ नको.

दुरुस्तीनंतर सिनेबेंच आर23, म्हणजे प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारी चाचणी, दहा मिनिटं चालव आणि शेवटच्या मिनिटाला वॅट आणि अंश दोन्ही टिपून घे. 60-70 वॅटला नव्वदीच्या आत असलीस आणि हॉट स्पॉटचं अंतर पंधराच्या आसपास आलं, तर काम फत्ते. ठसा दोनदा बघूनही अंतर तसंच राहिलं तर मग नळी मुडपली असण्याची शक्यता धर. तेव्हा त्याच मॉडेलचा हीटसिंक बदलून मिळतो, आणि तो बोर्डापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. दुकानात द्यायची वेळ आलीच, तर आधीचा आणि नंतरचा ठसा दाखवा, एवढंच सांग. जो दाखवायला तयार होईल त्याला काम दे.

बाबांना सांग, उघडणं चुकीचं नव्हतं. तीन वर्षांत नागपूरच्या धुळीत लॅपटॉप साफ करावाच लागतो.

राहिला तो स्क्रू. हीटसिंकचे स्क्रू बहुधा सांगाड्यालाच अडकवलेले असतात, ते सुटून हातात येत नाहीत. तुझ्या हातातल्याला स्प्रिंग नसेल तर तो पंख्याचा किंवा खालच्या झाकणाचा. झाकणाचे स्क्रू एका बाजूला लांब आणि दुसऱ्या बाजूला आखूड असतात, आणि लांब स्क्रू आखूड जागी घातला की कीबोर्डच्या बाजूला टेंगूळ येतं. तेव्हा कुठली जागा रिकामी आहे ते बघून, शेजारच्या स्क्रूशी लांबी जुळवून मगच घाल. आणि झाकण लावायच्या आधी लॅपटॉप हलकेच उलटा करून हलव. आत काही खुळखुळलं तर दुसराही स्क्रू आहे, आणि तो बोर्डवर लोळतोय. तो सापडल्याशिवाय बॅटरी जोडू नकोस.